पेटी नको, पेटीवाला मागा

एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक म्हणून हजर झालो, तेव्हा चार्ज घेताना जडवस्तू नोंदवहीत एक ओळ दिसली : ‘हार्मोनियम – १ नग’. नग दाखवा म्हटलं. कपाटाची किल्ली सापडायलाच अर्धा तास गेला. आत पेटी होती, पण भात्याला उंदरांनी भोक पाडलेलं, तीन-चार सूर मुके झालेले, आणि झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने देणगीदाराचं नाव मात्र ठळक. पेटी कुणी दिली हे अख्ख्या गावाला पाठ होतं. वाजवायची कुणी, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

पुढे काही वर्षं एका देणगी देणाऱ्या संस्थेसाठी शाळांचे अर्ज वाचायचं काम माझ्याकडे आलं. टेबलाच्या पलीकडे बसल्यावर कळलं की आपण सगळेच पेट्या मागतो. ढोलकी, लेझीम, साउंड सिस्टिम, प्रोजेक्टर, बोलक्या भिंती. एका अर्जात ढोलक्यांसाठी १८ हजार रुपये होते आणि शिकवायला येणाऱ्या ढोलकीवाल्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘शाल व श्रीफळ’. म्हणून शाळेत कलेच्या अंगाने शिकवण्यासाठी निधी मागणाऱ्या शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना माझं पहिलं सांगणं हेच असतं : वस्तू मागण्याआधी माणसाचे तास मागा. कलाकार किती दिवस येणार, किती वेळ बसणार, मुलं त्या वेळात काय करणार, एवढं ठरलं की वस्तूंची यादी आपोआप आखूड होते.

एक गोष्ट आधी स्वच्छ करून घेऊ. स्नेहसंमेलन म्हणजे कलाधारित शिक्षण नव्हे. स्नेहसंमेलन चांगलंच असतं, ते व्हावंच. पण भाषेचा, परिसर अभ्यासाचा, गणिताचा एखादा भाग मुलं चित्रातून, नाटकातून, गाण्यातून शिकतात तेव्हा ती गोष्ट वेगळी. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये कलाशिक्षणाला दहावीपर्यंत आवश्यक जागा दिलेली होती आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात कलेची सांगड विषयांशी घालण्याचा मुद्दा नावानिशी आहे. अर्जात हे एका वाक्यात येऊ द्या. दोन पानं धोरण उतरवून काढू नका. वाचणाऱ्याने ते वाचलेलं असतं, आणि नसेल तर तुमच्या अर्जात तो ते वाचणारही नाही.

आता पैसे कुठे आहेत ते पाहू. सुरुवात घरापासून.

समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान सगळ्यांना माहीत आहे. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० पटापर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यावर एक लाख, या वर्षाच्या कमाल मर्यादा. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला ठेवावे लागतात. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती यांत बाकीचं कसं संपतं ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय रक्कम तुकड्यातुकड्याने येते. पण याच अनुदानाच्या हेतूंत बिघडलेली साधनं बदलणं आणि शैक्षणिक साहित्य हे दोन्ही बसतं. म्हणजे ढोलकीला नवी पानं चढवायला, रंग-कागद आणायला बाहेर हात पसरायची गरज नाही. हा खर्च इथून केला की बाहेरच्या देणगीदाराला सांगता येतं, ‘साहित्य आमचं, माणूस तुमचा.’ या वाक्याने अर्जाचं वजन किती वाढतं ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

तुमच्याकडे सहावी ते आठवीचे वर्ग असतील आणि त्यांचा पट शंभरावर असेल, तर शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य-शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक मिळायला हवेत. ते नसतील तर आधी समितीच्या सभेत ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागणी पाठवा. मागून लगेच माणूस मिळेल अशा भ्रमात राहू नका, पण ठराव दप्तरी असू द्या. सरकारने जो माणूस द्यायचा तो देणगीतून उभा करायची सवय लागली की सरकारही निर्धास्त होतं.

दुसरं दार ग्रामपंचायतीचं. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत शाळांचं शिक्षण आहे, ग्रंथालय आहे आणि सांस्कृतिक उपक्रमही आहेत. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून या विषयांवर खर्च करता येतो. त्यातून पगार आणि आस्थापना खर्च मात्र करता येत नाही. त्यामुळे कलाकाराचं मानधन इथे मागितलंत की ग्रामपंचायत अधिकारी कपाळाला आठ्या घालणार, आणि त्यांची अडचण खरी असते. इथे साहित्य मागा, रंगमंचाची डागडुजी मागा, पुस्तकं मागा. वेळ मात्र सांभाळा. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. फेब्रुवारीत अर्ज घेऊन गेलात तर सरपंच चहा पाजतील आणि ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतील. ग्रामसभेत मुख्याध्यापकाने भाषण करण्यापेक्षा समितीतल्या एखाद्या आईने उठून मागणी करावी. समितीत पालकांचा वाटा तीन-चतुर्थांश असतो आणि निम्म्या जागा महिलांच्या. हा वाटा कोरम भरण्यापुरता नसतो.

कोल्हापूर-साताऱ्याकडे ज्याला शैक्षणिक उठाव म्हणतात, ती लोकवर्गणी हा आपल्या शाळांचा जुना आधार. त्यातही पतसंस्था, दूध संस्था, नागरी बँका विसरू नका. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात आणि नफ्याची वाटणी तिथे मंजूर होते. धर्मादाय रकमेतून काही हवं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये अध्यक्षांच्या कानावर घाला. रक्कम मोठी नसते, दहा-वीस हजार. पण कलाकाराच्या एका सत्राला तेवढी पुरते, आणि संस्थेचे संचालक कार्यक्रमाला खुर्चीवर येऊन बसतात, मग पुढच्या वर्षी स्वतःच विचारतात.

पैसा न घेता माणूस मिळण्याच्या जागाही आहेत. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, १९७९ पासून सेवेतल्या शिक्षकांना कला आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचं प्रशिक्षण देतं. उदयपूर आणि हैदराबादची त्यांची केंद्रं आपल्याला त्यातल्या त्यात जवळची. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली स्पिक मॅके ही चळवळ शास्त्रीय आणि लोककलेतले मोठे कलाकार शाळांत आणते. त्यांचा कार्यक्रम ठेवणार असाल तर बैठकीची शिस्त आधी मुलांना समजावून सांगा. मध्येच सत्कार, मध्येच पाहुण्यांचं मनोगत हे तिथे चालत नाही, आणि मला विचाराल तर कुठेच चालू नये. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेने आपली गरज नोंदवली तर स्वयंसेवक किंवा साहित्य देणारा सापडू शकतो. नोंदवताना ‘कला शिक्षक हवा’ असं मोघम टाकू नका. ‘दर शनिवारी सकाळी दीड तास, पाचवीच्या मुलांना मातीकाम’ असं टाका. मोघम मागणीला मोघम माणूस येतो.

आता कंपन्यांकडे वळू. सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, म्हटलं की शिक्षकांच्या डोळ्यांपुढे नोटांची पोती येतात. कायदा नीट समजला तर निराशा कमी होते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. म्हणजे एमआयडीसीतला प्रत्येक शेडवाला या कायद्यात येत नाही. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण एका कलमात आहे, कला-संस्कृती-वारसा दुसऱ्या. तुमचा उपक्रम दोन्हींत बसतो, आणि तसं अर्जात लिहायला हरकत नाही. आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा कंपनीला सांगतो, म्हणून तालुक्यातल्या कारखान्यापासून सुरुवात करा.

पण एक मेख आहे. १८ जून २०१४ च्या केंद्राच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जाणार नाहीत. त्या परिपत्रकाची जागा २०२१ मध्ये नव्या परिपत्रकाने घेतली, पण ‘आमच्या स्नेहसंमेलनाला मदत करा’ या पत्राला होकार द्यायला अधिकारी अजूनही कचरतो. त्याला वर्षभर चालणारा, ठरलेल्या मुलांचा, मोजता येईल असा उपक्रम लागतो.

दुसरी मेख नोंदणीची. कंपनी स्वतः खर्च करणार असेल, म्हणजे कलाकाराला आणि दुकानदाराला तीच पैसे देणार असेल, तर शाळेला फारसं काही करावं लागत नाही. संस्थेमार्फत करणार असेल तर ती नोंदणीकृत न्यास किंवा संस्था असावी, तिच्याकडे प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी असावी, अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव असावा आणि सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक असावा. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. एकट्या शाळेने हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. तालुक्यात मुलांबरोबर आधीच काम करणारी संस्था शोधा. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’चा ‘गोष्टरंग’ उपक्रम जमलं तर जाऊन पाहून या. तरुण नाट्यकलाकार आदिवासी मुलांपुढे गोष्टी सादर करतात आणि त्याच गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हाती जातात. नाटकाने वाचनाला काय मिळतं, हे असं पाहिल्यावर अर्ज लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत.

कंपनीचा वार्षिक आराखडा आर्थिक वर्षाच्या तोंडावर ठरतो. डिसेंबर-जानेवारीत भेटा. मार्चअखेरीला उरलेल्या पैशांतून काही पदरात पडेल या आशेवर बसणारे बरेच असतात. त्यांना बहुधा दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या मिळतात.

गावचं कुणी परदेशात असेल तर इथेच सांगून टाकतो, कारण यात चांगली माणसं अडकतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेला, अगदी ओसीआय कार्ड असलेला गाववाला मात्र परदेशी देणगी कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या, दृष्टीने परदेशी स्रोत. त्याचे पैसे एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेकडेच जायला हवेत, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. बालमित्राच्या प्रेमाखातर समितीच्या खात्यात डॉलर घेऊ नका.

आता अर्ज. बहुतेक अर्जांचं पहिलं वाक्य ‘विद्यार्थ्यांच्या सुप्त कलागुणांना वाव मिळावा व त्यांचा सर्वांगीण विकास व्हावा’ या वळणाचं असतं. मी स्वतः असे कितीतरी लिहिले. वाचायची पाळी आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच कळलं की हे वाक्य गावाचं नाव बदलून कुठल्याही शाळेला चालतं, म्हणून ते कुठल्याच शाळेचं नसतं.

कुडाळ तालुक्यातल्या एखाद्या शाळेचं उदाहरण घेऊ. जवळ पिंगुळी आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी प्रसिद्ध. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यावर हे नाव दूरवर गेलं. चित्रकथीत एका गोष्टीच्या चित्रांचा संच असतो, त्याला पोथी म्हणतात. सांगणारा चित्रामागून चित्र उभं करतो आणि गोष्ट पुढे नेतो. समजा शाळेत चौथी-पाचवीची मिळून ४० मुलं आहेत. गुरुजींची अडचण अशी की मुलं गोष्ट वाचतात, पण सांगायला उभी केली की दुसऱ्या वाक्याला अडतात. मधलं सगळं गाळून एकदम शेवट सांगून बसतात. मग अर्ज असा सुरू करा : ‘आमच्या चौथी-पाचवीच्या ४० मुलांना वाचलेली गोष्ट क्रमाने सांगता येत नाही. पिंगुळीचा एक चित्रकथी कलाकार २४ आठवडे दर बुधवारी दोन तास येईल. मुलं गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून दोन गोष्टी गोळा करतील, प्रत्येक गोष्टीचे वीस प्रसंग पाडतील, प्रत्येक मूल एक चित्र काढेल आणि पोथी लावून गोष्ट सांगेल.’ पाच ओळींत शाळा दिसते, मूल दिसतं, कलाकार दिसतो.

खर्चही असाच दिसला पाहिजे. कलाकाराचं मानधन ८०० रुपये गुणिले २४, म्हणजे १९,२००. त्याचा येण्याजाण्याचा खर्च १५० गुणिले २४, ३,६००. कागद-रंग मुलामागे १२० प्रमाणे ४,८००. शेवटी गावापुढे पोथी सांगायच्या दिवशीचा खर्च २,०००. नोंदी, छपाई १,५००. किरकोळ १,५००. बेरीज ३२,६००, मुलामागे ८१५ रुपये. मानधनाचा आकडा कलाकाराला विचारून लिहा, त्याच्या वतीने उदार होऊ नका. तो दिवसाची मजुरी किंवा एखादी सुपारी सोडून येणार आहे.

फायदा किती होईल तेही कबूल करा, पण बेतानं. ‘गुणवत्ता शंभर टक्के वाढेल’ असं लिहिलेला अर्ज मी लगेच खाली ठेवायचो. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला तीच एक गोष्ट सांगायला लावा, फोनवर आवाज टिपून ठेवा, किती प्रसंग क्रमाने आले ते वहीत मांडा. चोविसाव्या आठवड्यात पुन्हा तेच करा. अध्ययन निष्पत्तींतली तोंडी अभिव्यक्तीची ओळ शेजारी लिहा. एवढ्यावर कोणत्याही देणगीदाराचं समाधान होतं, आणि झालं नाही तर त्याला बहुधा पेटीवर नाव हवं असतं.

कर्नाटकच्या सीमेकडच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेचा कलाशिक्षण कार्यक्रम जरूर पाहावा. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही स्वतंत्र अनुदान देणारी संस्था. तिचं शाळांतलं काम कर्नाटकावर केंद्रित आहे. आपल्या बाजूच्या शिक्षकांना ते अनुदान मिळणार नाही, पण स्थानिक कलेचा वर्गातल्या शिकण्याशी धागा कसा जोडायचा याचा नमुना म्हणून त्यांच्या कामाकडे बघावं.

पैसे आले की हिशेब. इथे माझं स्वतःचं एक प्रकरण. एका वर्षी कलाकार दोन-तीन आठवडे आजारी पडला, प्रवासाचे पैसे शिल्लक राहिले, मुलांचे रंग संपले होते. मी त्या पैशांचे रंग आणले. बिल पक्कं, रंग मुलांच्या हातात, मन स्वच्छ. तपासणीत शेरा आला : मंजूर बाबीव्यतिरिक्त खर्च. १,९०० रुपये खिशातून भरले. चूक माझीच होती. चार ओळींचं पत्र लिहून आधी परवानगी घेतली असती तर देणगीदाराने नाही म्हटलं नसतं. तेव्हापासून एका बाबीतून दुसऱ्या बाबीत दहा रुपये न्यायचे तरी मी आधी पत्र पाठवायचो.

कलाकाराला रक्कम खात्यावर द्या. पण करार करण्याआधी त्याचं पासबुक बघून घ्या. केवायसीअभावी खातं गोठलेलं असतं आणि ते ऐन मार्चमध्ये कळतं. रोख द्यावी लागली तर व्हाउचरवर सही घ्या, पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. समितीचा ठराव, कॅशबुकातली नोंद, साहित्याची नोंदवही आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांच्या प्रती स्वतःकडेही ठेवा. अधिकारी बदलून जातात, फायली त्यांच्यामागे जात नाहीत आणि कपाटातही राहत नाहीत.

बाहेरचा माणूस वर्गात असताना शाळेचे शिक्षक वर्गातच हवेत. त्यात कलाकाराचा अपमान नाही, मुलांची सुरक्षितता आहे, आणि गुरुजींनीही थोडं शिकावं हा हिशेब. मुलांचे फोटो अहवालात वापरायचे तर पालकांची लेखी संमती घ्या. एरवी हातांचे, चित्रांचे फोटो घ्या. ते दिसतातही जास्त चांगले.

अर्ज नाकारला गेला तर आठवड्याने फोन करा आणि काय कमी पडलं ते विचारा. आम्हाला असा फोन क्वचितच यायचा, आणि ज्या शाळेचा आला ती पुढच्या खेपेला आमच्या लक्षात असायची.

त्या पेटीचं पुढे असं झालं. भाता आणि सूर शाळा अनुदानातून दुरुस्त करून घेतले. मानधन गावच्या पतसंस्थेने दिलं, वर्षाला बारा हजार. पेटीवाले बुवा भजनी मंडळातलेच, दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिसऱ्या तासाला यायचे, तिसरी-चौथीच्या कविता मुलांकडून चालीवर बसवून घ्यायचे. वेळापत्रकात एक अट त्यांनीच घालून घेतली होती : एकादशी त्या वारी आली तर तास दुसऱ्या दिवशी.